बाजा थांबायचा नाही

आमच्या चर्चमधली सगळी लग्नं मी आरशात बघितली आहेत. बाप्तिस्मे, मयती, नाताळ, ईस्टर, सगळं आरशातच. आरसा आबांच्या जुन्या स्कूटरचा. स्कूटर कधीच भंगारात गेली, आरसा तेवढा बाजाच्या कडेला तारेनं बांधलेला राहिला. बाजा वाजवणारं माणूस मंडळीकडं पाठ करून बसतं. पाळकसाहेब उठले का, नवरी दारात आली का, शवपेटी उचलली का, हे कळायला त्याला दुसरी सोय नाही. हात गुंतलेले, पाय गुंतलेले. मान मोकळी असते, पण ती वळवली की पाय चुकतात.

बाजा म्हणजे भजनातली पेटी समजू नका. तसं कुणी समजलं की माझं डोकं फिरतं. हा पाईप ऑर्गन आहे. गोऱ्या साहेबांनी रविवारी घरच्यासारखं वाटावं म्हणून विलायतेहून आणवला आणि जाताना इथंच टाकून गेले. अख्खी भिंत भरून नळ्या, काही करंगळीएवढ्या, काही छताला टेकलेल्या. हातांना पट्ट्यांच्या दोन रांगा, पायांना लाकडी पट्ट्यांची एक. कडेला खुंट्या, त्या ओढाल तसा आवाज बदलतो. नळ्यांत वारा भरणारा भाता पूर्वी हातानं मारत. आता त्याला मोटर आहे, आणि वीज गेली की गुंडू आहे. गुंडू आमच्या चर्चचा राखणदार. साहेब गेले, पण त्यांची अँग्लिकन पद्धत आम्ही सोडली नाही. स्तोत्रं मराठीत म्हणतो, पण चार आवाजांत आणि बाजावर.

त्या चार आवाजांचा मालक माझा थोरला भाऊ, विजयसिंह. मी त्याला दादा म्हणते, मंडळी दादासाहेब म्हणते. गायनमंडळ तो चालवतो, कमिटीचा सेक्रेटरी तो, आणि सगळ्यात खालचा, जाड आवाजही त्याचाच. जेवताना त्यानं मीठ मागितलं तरी भांडी हलतात.

या बाजाचा एकच नियम आहे. मंडळी गात असताना बाजा थांबायचा नाही. साहेबांच्या काळात म्हणे एकदा गीताच्या मधेच भाता फाटला, बाजा बंद पडला, आणि त्याच वर्षी प्लेग आला. दादा हे असं सांगतो की मेलेले उंदीर त्यानंच उचलून टाकले असावेत. प्लेग सगळ्या गावात आला होता, बाजा नसलेल्या गल्ल्यांतही आला होता, असं मी एकदा म्हणाले, तर आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. बाजा थांबला की मंडळीचं गाणं कोसळणार, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. प्रत्यक्षात कुणी थांबवून बघितलेलं नाही.

त्यामुळं बाजा वाजवणारं माणूस बदलायचं तेही बाजा न थांबवता. कापणीच्या सणाला, शेवटच्या गीतात. जुना माणूस वाजवत असतो, नवा त्याच्या डाव्या बाजूला पानं उलटायला बसलेला असतो. जुना आधी डाव्या हाताचं काम नव्याला देतो, मग उजव्याचं, शेवटी पायांचं, आणि उजवीकडून हळूच उतरून जातो. लगेच पाळकसाहेब येऊन नव्याच्या डोक्यावर हात ठेवतात. मंडळी ‘आमेन’ म्हणते. झाली नेमणूक. आणि नव्याला यातलं काही आधी सांगायचं नसतं. सांगून बसवला तो कमिटीचा, न सांगता बसला तो देवाचा, असं आबा म्हणायचे.

आबा म्हणजे आमचे वडील. माझ्या आधी बाजा ते वाजवायचे. माझ्या वेळी त्यांनी काय केलं ते ऐका. मी दहावीत होते. सणाला नवा फ्रॉक होता, खांबांना ऊस बांधलेला होता, आणि मी पानं उलटायला बसले होते. शेवटच्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला आबा कुजबुजले, “डावा घे.” मी घेतला. मला वाटलं त्यांना नाक खाजवायचं असेल. मग म्हणाले, “उजवा घे.” तोही घेतला. त्यांनी पाय उचलले, माझे आपोआप खाली गेले, आणि आबा उतरले. मला वाटलं पाणी प्यायला गेले असतील. कडवं संपलं, पुढचं लागलं, आबा येईनात. आरशात बघितलं तर ते खाली बाकावर बसून गात होते. डोळे मिटून, तोंड उघडून. इतके खूश मी त्यांना घरात कधी बघितले नव्हते. मला थांबता येईना. मंडळी गात होती ना. तेवढ्यात डोक्यावर पाळकांचा हात पडला. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, मी अजून तिथंच बसलेली आहे.

मधे एकदा इचलकरंजीचं स्थळ आलं होतं. मुलगा मागाच्या कारखान्यात मेकॅनिक होता, हसरा होता, गातही बरा होता. मला आवडला होता. चहा पिता पिता त्याच्या आईनं विचारलं, “लगीन झाल्यावर बी रविवारी कोल्हापूरला येणार व्हय ही?” आबा म्हणाले, “येणार की. शनिवारी बी यावं लागंल, सरावाला.” त्या लोकांनी कप खाली ठेवले आणि गेले. आबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. मीही बोलले नाही, कारण डोक्यावर हात पडलेल्या पोरीनं बोलायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढं त्या मुलानं आमच्याच मंडळीतली मुलगी केली. तिला दारापासून वेदीपर्यंत मीच वाजवत आणली. तो वळून तिच्याकडं बघून हसला, तेही मी आरशात बघितलं.

कोल्हापुरात जन्म काढून मी पावसाळ्यातला गगनबावड्याचा घाट बघितलेला नाही. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. शाळेतल्या बाकीच्या बाया दर वर्षी एखाद्या रविवारी जीप करून धुकं बघायला जायच्या. सोमवारी मला सांगायच्या, “निशाबाई, पुढच्या वर्षी या हं.” पुढच्या वर्षीही रविवारीच जायच्या. मी रिटायर झाले, त्या रिटायर झाल्या, धुकं तिथंच आहे आणि मी इथंच आहे. देवाच्या दारात बसायला मिळतं म्हणून लोक मला भाग्यवान म्हणतात. असं म्हणणाऱ्या एकालाही मी म्हटलेलं नाही, की ये, बस.

आणि मी कधी गायले नाही, लहानपणीही आबांजवळ बसून पानंच उलटली. हे कुणाला खरं वाटत नाही. बाजा वाजवताना तोंडात ताल मोजायचा असतो, डोळ्यांनी सूर वाचायचे असतात, शब्दांकडं लक्ष द्यायला जागाच नसते. त्यात चिमणाबाई. चिमणाबाई म्हणजे चौथ्या बाकावर, खिडकीजवळ बसणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई. आवाज खणखणीत आणि चाल बैलगाडीची. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या सूर धरून बसतात. त्या धरतात म्हणून मागचे धरतात, मागचे धरतात म्हणून सगळी मंडळी धरते. त्यांनी सोडल्याशिवाय मला पुढची ओळ सुरू करता येत नाही. बोटं पट्ट्यांवर आणि कान मागं, अशी मी त्यांची वाट बघत बसते. निम्मं आयुष्य माझं ओळीच्या टोकाला चिमणाबाईंची वाट बघण्यात गेलं. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “बाजाच जरा मागं पडतोय बाई, मी काय करू?”

तरी मला जागा हवी होती ती त्यांच्याच शेजारची. आरशात ती बरोबर मधोमध दिसते. खिडकीतून वारा येतो, पाठ टेकायला मिळतं. तिथं बसून, मांडीवर पुस्तक ठेवून, सगळ्यांसारखं समोर बघून गावं, एवढंच मला हवं होतं. बाजाच्या बाकाला पाठ नाही. गुडघे धरायला लागल्यापासून तर मी उपासनाभर त्या चौथ्या बाकाकडंच बघत असते. पाळकसाहेबांना वाटतं मी प्रवचन ऐकते.

सणाच्या आधीच्या गुरुवारी जादा सराव होता. सराव संपला, गायनमंडळी गेली, आणि दादानं मला थांबवून घेतलं.

“निशे, येत्या रविवारी उतर.”

“कशावरनं?”

“बाजावरनं. क्रांती बसंल.”

क्रांती त्याची एकुलती एक मुलगी. तिला बाजा मी शिकवला. बाकावर बसवलं की तिचे पाय हवेत लोंबायचे, तेव्हापासून. माझ्यापेक्षा हात हलका आहे तिचा. पण पोरगी पुढं डेअरीचं शिकली, आणि आता बडोद्याच्या एका डेअरीत तिला नोकरी लागली होती. सण झाला की मंगळवारी तिची गाडी होती. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

“ती मंगळवारी चाललीय की, दादा.”

“म्हणून तर. एकदा पाळकांचा हात पडला की कुठं जाती? वारणानगरला बोलून ठिवलंय मी. तिथंबी डेअरी हायच की. शनिवारी यायचं, सोमवारी सकाळी जायचं. काय वाईट हाय?”

“तिला विचारलंस?”

“विचारायचं नसतंय. तुला विचारलं होतं व्हय?”

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नाही. सरळ मनानं म्हटलं, उलट जरा कौतुकानंच. मग त्यानं वह्या गोळा केल्या, पंखे बंद केले, आणि दाराशी जाऊन वळला.

“तुझं गुडघं बी गेल्यात आता. बस खाली निवांत. पोरगी गुणाची हाय, निशे. एकदा बसली की उठायची न्हाय. अगदी तुझ्यासारखी.”

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. इतका झाला की मला माझीच लाज वाटली, पण झाला. दादा गेल्यावर मी बाजाचं झाकण लावलं आणि थेट चौथ्या बाकावर जाऊन बसले. रिकाम्या चर्चमध्ये, खिडकीजवळ. पाठ टेकली. लाकूड गार होतं. समोर वेदी होती, सरळ समोर, उलटी नाही. गुंडू झाडू घेऊन आला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला.

“बाई, बरं वाटत न्हाय का?”

“लई बरं वाटतंय,” मी म्हणाले. “तू झाड.”

घरी येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. मग दादाचं शेवटचं वाक्य आठवलं. अगदी तुझ्यासारखी. भाकरी थापताना आठवलं आणि भाकरी तव्यावर करपली. मी गुणाची होते म्हणून उठले नाही, असं त्याला वाटत होतं. मला उठताच आलं नाही, हे त्याच्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्रांती आली ती मोकळी बरणी घेऊनच.

“आत्ती, कांदा-लसणीची चटणी भरून दे. तिकडं डाळीत बी गूळ घालत्यात म्हणं.”

“गूळ तर आपला बी हाय की.”

“हाय, पण आपण डाळीत घालतोय व्हय?”

ती ओट्यावर चढून बसली आणि पाय हलवत बडबडायला लागली. खोली बघितली आहे, दोन मुली आणखी आहेत, एक नाशिकची आहे. प्लॅंटमध्ये चीज करतात, तिला तेच काम मिळणार आहे. चीजला किती दिवस हात लावायचा नसतो, ते कसं मुकाट्यानं मुरू द्यायचं, हे तिनं मला सांगितलं. मी चटणी भरत होते.

“आणि पप्पा म्हणाले, शेवटची उपासना हाय, तर आत्तीजवळ पानं उलटायला बस. मी तसंबी बसणारच होतो.”

मी बरणी आपटून चटणी खाली बसवली.

“आत्ती, तुला एक सांगू? तिकडं चर्चला गेलो तरी मला बाजा येतोय हे मी कुणाला सांगणार न्हाय. मागच्या बाकावर बसणार. नुसतं बसणार.” ती हसली. “तुझी शपथ, कुणी विचारलं तर सांगणार, मला टाळ्या वाजवायला बी येत न्हायत.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती नाही बसली तर मीच बसणार, आणि मग मरेपर्यंत मीच. तिसरं कुणी नव्हतंच. बाकीच्यांनी शहाणपणानं आपल्या लेकरांना गिटार शिकवली. मी चटणी दाबून दाबून भरली आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.

आबा मला कसे बसवून गेले, ही गोष्ट क्रांतीनं लहानपणापासून ऐकली होती. आमच्या घरात ती हसायची गोष्ट म्हणून सांगतात. तरी तिला संशय आला नाही. आत्ती असताना आपल्याला कोण बसवणार, असं तिला वाटलं असणार. माझ्या जिवावर ती निर्धास्त होती, हे मला कळत होतं आणि रविवारपर्यंत अन्न गोड लागलं नाही.

रविवारी चर्च भरून गेलं होतं. खांबाखांबाला ऊस, वेदीपुढं गुळाच्या ढेपा, तांदळाची पोती, भोपळे, भुईमुगाच्या शेंगांचे ढीग. कुणीतरी कोंबडी आणली होती, ती बाजाजवळच्या टेबलाच्या पायाला बांधली होती आणि प्रार्थनेत मधेच ओरडत होती. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव व्हायचा होता. मंडळीत एक वेगळीच कुजबुज होती. सगळ्यांना माहीत होतं. बायका क्रांतीकडं बघून पदराआड हसत होत्या, लग्नाच्या मुलीकडं बघून हसतात तशा. क्रांतीनं पिवळी ओढणी घेतली होती. ती माझ्या डाव्या हाताला बसली, आरशात बघून तिनं केस नीट केले आणि मला कोपरखळी मारली.

“कोंबडीचा सूर बघ आत्ती. दादासाहेबांपेक्षा बरा लागतोय.”

मला हसू आलं नाही.

शेवटचं गीत लागलं. कापणीचं गीत लांबलचक आहे, कणसं भरण्यापासून कोठारं भरेपर्यंत सगळं सावकाश येतं त्यात. पहिलं कडवं गेलं. ओळीच्या टोकाला चिमणाबाईंनी सूर धरला, मी थांबले, त्यांनी सोडला, मी पुढं गेले. दुसरं कडवं लागलं. मी बोलायचं ते बोलले नाही. तिसरं लागलं. आरशात दादा दिसत होता, गायनमंडळाच्या पुढं उभा, हात वर खाली आणि डोळे माझ्या पाठीवर. त्यानं हनुवटीनं खूण केली. पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात खुर्चीवरून जरा पुढं सरकून बसले होते. आणि मधोमध चौथा बाक. चिमणाबाईंच्या शेजारी जागा ठेवलेली होती, तिथं फक्त त्यांची पिशवी होती. माझ्यासाठीच ठेवली होती. गुडघ्यांतून कळा येत होत्या, आणि मला ती जागा हवी होती.

“डावा घे,” मी म्हणाले.

तिचा हात आला. माझा निघाला. एक सूरही हलला नाही, मीच शिकवलं होतं तसं. मग दोन शब्द तिच्या डोक्यात शिरले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी आरशात बघत होते, म्हणून आरशातच मला तिचा चेहरा दिसला, माझ्या चेहऱ्याच्या शेजारी. पोरगी पांढरीफटक पडली होती.

“आत्ती, नको,” ती म्हणाली. “आत्ती, नको गं.”

आणि डावा हात वाजवतच होता. तोंडानं ती नको म्हणत होती, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि हात बरोबर तालात पुढं चालला होता. तिला थांबता येईना. मंडळी गात होती ना.

पाळकसाहेब उठले. झगा सावरत, हात छातीपाशी धरून ते आमच्याकडं निघाले. दादानं डोळे मिटून घेतले, समाधानानं. आबांनी मिटले होते तसेच.

मग माझं डोकंच फिरलं. माझा उजवा हात मी पट्ट्यांवरून उचलला. पाय उचलले. आणि क्रांतीचं मनगट धरून तिचा डावाही वर ओढला. हात उठेना तिचा, बोटं पट्ट्यांना चिकटल्यासारखी झाली होती, मी जोर लावून ओढला. बाजा थांबला.

नळ्या गप्प झाल्या. फक्त मोटरची घरघर ऐकू येत होती. मी डोळे मिटले आणि पाठीमागं सगळं कोसळायची वाट बघत राहिले.

मंडळी गात होती.

त्याच चालीत, त्याच सुरात. सूर तसूभर खाली उतरला नाही, ताल तुटला नाही. ओळीचं टोक आलं, चिमणाबाईंनी सूर धरला, धरून ठेवला, सोडला, आणि सगळी मंडळी पुढच्या ओळीवर गेली. कुणी मान वर केली नाही. पुढं बसलेल्या दोघा-तिघांनी बाजाकडं बघितलं आणि गातच राहिले. निम्म्या लोकांना तर कळलंही नव्हतं. कोंबडीला कळलं असावं, ती गप्प झाली होती.

दादानं डोळे उघडले होते. तोंड त्याचं उघडंच होतं, पण त्यातून जाड सूर निघत होता, आणि गाणं चालू असताना त्याला ते सोडून माझ्याकडं धावत येता येईना. डोळे मात्र बाहेर यायचे राहिले होते. पाळकसाहेब वाटेतच थांबले. हात त्यांचा वर होता आणि तो कशावर ठेवावा हे त्यांना समजत नव्हतं.

“उतर,” मी क्रांतीला म्हणाले.

“कुठं जाऊ?”

“माघारी जा. मागच्या बाकावर बस. नुसती बस.”

ती बाकावरून उतरली आणि पाळकसाहेबांच्या हाताखालून वाकून निघाली. मधल्या वाटेनं भरभर चालत गेली, पिवळी ओढणी उसाच्या पानात अडकली ती सोडवायला पण थांबली नाही. मीही उतरले. गुडघे आखडले होते, बाजाला धरून उभी राहिले. पहिल्यांदाच मी त्या जागेवरून गाणाऱ्या मंडळीला समोरून बघितलं. शेकडो तोंडं उघडत होती, मिटत होती. कुणाला माझी गरज नव्हती. मंगळवारी क्रांती जाणार होती, हे नक्की होतं, आणि त्याचा मला खरंच आनंद झाला. पण मला जे रडू आलं ते आनंदाचं नव्हतं.

हे लोक कधीही गाऊ शकले असते. मी दहावीत होते तेव्हाही. इचलकरंजीचे लोक चहा पीत होते तेव्हाही. कुणीतरी एकदा हात उचलून बघायला हवा होता, एवढंच. आबांनी नाही उचलला. मीही नाही उचलला. मला कुणी कोंडलं नव्हतं, आणि हे कळल्यावर मला जास्तच राग आला, कुणावर ते मात्र सांगता येईना.

मी चौथ्या बाकाशी गेले. चिमणाबाईंनी न बघता पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी बसले. पाठ टेकली. खिडकीतून वारा आला, समोर वेदी दिसत होती, सरळ समोर. शेवटचं कडवं लागलं होतं. मी तोंड उघडलं.

शब्द येईनात. चारही आवाजांचे सूर मला पाठ होते, डोळे झाकून सांगितले असते. पण त्या सुरांवर कुठले शब्द बसतात हे मला माहीत नव्हतं. पहिल्या ओळीतला एखादा ओळखीचा, बाकी काहीच नाही. मी नुसतं तोंड उघडून बसले होते. चिमणाबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं, जाड, वाकडं बोट. डोळ्यांत पाणी होतं, अक्षरं लागत नव्हती. मी एक शब्द वाचला, दुसरा वाचला. तोपर्यंत ओळीचं टोक आलं आणि त्यांनी नेहमीसारखा सूर धरला. मला वाटलं, आता माझ्यासाठी थांबतील. या टोकाला मी त्यांची जन्मभर वाट बघितली होती.

त्यांनी सूर सोडला, बोट खालच्या ओळीवर सरकवलं आणि मंडळीबरोबर पुढं गेल्या.